बालकांचा आत्मसंयम आणि भाषा

‘चिमणी उड, कावळा उड’ हा मुलांचा खेळ महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. उडणाऱ्या प्राण्याचे नाव येताच बोट वर न्यावयाचे आणि ‘म्हैस उड’ म्हटले असता ते जागीच ठेवावयाचे, एवढाच त्याचा नियम. तथापि लहान मूल म्हशीसही उडविते. कारण उच्चाराचा ठेका त्याचे बोट उचलतो आणि शब्दाचा अर्थ त्यास रोखू शकत नाही.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लूरिया यांनी याच प्रश्नावर प्रयोग केले. दिवा लागताच मुलाने हातातील रबरी फुगा दाबावयाचा असे. तीन-चार वर्षांचे मूल ‘दोनदा दाबीन’ असे म्हणत एकच दीर्घ दाब देई. ‘एक, दोन’ म्हणत मात्र ते दोनदा दाबी. या वयात वाणीचा आघात कृतीचे नियमन करतो. अर्थाचे नियमन पाचव्या वर्षाच्या सुमारास येते. लेव्ह विगॉट्स्की (१८९६–१९३४) यांच्या मते मूल प्रथम इतरांच्या शब्दांनी आवरले जाते, पुढे स्वतःशी मोठ्याने बोलून स्वतःस आवरते आणि अखेरीस तेच बोलणे मूक विचार बनते.

विचाराचे कार्यही असेच आहे. वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगांत समोरचा खाऊ ढगासारखा आहे अशी कल्पना करणारी मुले, त्याची चव आठवणाऱ्या मुलांपेक्षा अधिक वेळ थांबली. मात्र २०१८ च्या पुनःपरीक्षणात कौटुंबिक परिस्थिती व बालवयीन बौद्धिक क्षमता विचारात घेता, या प्रतीक्षेचा पुढील शालेय यशाशी असलेला संबंध पुष्कळच क्षीण ठरला. उलटपक्षी न्यूझीलंडमधील डनीडिन येथील दीर्घकालीन अभ्यासात (२०११) बुद्ध्यंक व सामाजिक स्तर वगळूनही आत्मसंयमाचा प्रभाव शिल्लक राहिला. आत्मसंयम बुद्धीशी संलग्न आहे, पण तिच्याशी एकरूप नाही, हेच यावरून सिद्ध होते.

ओझरसारख्या गावी या विवेचनास व्यावहारिक महत्त्व प्राप्त होते. १९६४ साली स्थापन झालेल्या विमान कारखान्यामुळे तेथे अन्यभाषिक कुटुंबे आली. परिसरातील द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याकडील कोकणा भाषा बोलणारे मजूरही येतात. अशा घरातील मुलास शिक्षकाचा ‘थांब’ ऐकू येतो, परंतु ‘का व केव्हापर्यंत’ हे उमगत नाही. त्याची चुळबुळ हा स्वभावदोष मानण्यापूर्वी तीच सूचना त्याच्या मातृभाषेत देऊन पाहणे आवश्यक आहे. संयमाची अपेक्षा करण्यापूर्वी त्यासाठी लागणारे शब्द मुलास मिळाले पाहिजेत.