कोतवाल-बुक आणि बापाचा रकाना

वऱ्हाडच्या जुन्या दप्तरांत हिंडणाऱ्यांस कोतवाल-बुकाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. गांवांतील जन्ममृत्यूंची ही नोंदवही. जन्माची तारीख, मुलगा कीं मुलगी, बापाचें नांव व जात, अशी तींतील माहिती असते. केळापूर हा पूर्वीच्या वणी जिल्ह्यांतील तालुका. सन १९०५ मध्यें त्या जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. तालुक्याचें मुख्य ठिकाण पांढरकवडा. येथील जुन्या नोंदी आज केवळ संशोधकांच्या कामाच्या राहिल्या नाहींत, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

ज्या मुलाचें पितृत्व कोणी कबूल करीत नाहीं, त्यास आपल्या भाषेनें पूर्वीपासून वेगळीं नांवें दिलीं आहेत. दासीच्या पोटचा तो लेकावळा. बारा माशांचा तोळा; त्यांत एक मासा उणा तो अक्करमाशा. उणेपणा मुलाच्या माथीं मारला गेला. जबाबदारी टाकून गेलेल्या बापास मात्र असें वजन कोणी लाविलें नाहीं.

या अन्यायाविरुद्ध महाराष्ट्रांत झालेल्या कार्याचा आरंभ लक्षांत ठेवण्याजोगा आहे. सन १८६३ मध्यें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढिलें. मलबारी यांच्या टिपणांवर सन १८८४ मध्यें दिलेल्या अभिप्रायांत, तोंवर ३५ गरोदर विधवा तेथें आल्याचें जोतीरावांनीं नमूद केलें आहे. एका विधवेचा मुलगा यशवंत यास या दांपत्यानें दत्तक घेतलें. सन १८८१ मध्यें सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेस बालहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हां स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली. तिला उत्तर दिलें तें वऱ्हाडांतीलच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं, ‘स्त्रीपुरुषतुलना’ या सन १८८२ च्या पुस्तकानें. तें पुढें विस्मृतींत गेलें, व स. गं. मालशे यांनीं सन १९७५ मध्यें पुन्हा प्रसिद्ध केलें. एक प्रत जपली गेल्यानें काय साधतें, याचें याहून चांगलें उदाहरण संग्राहकांस कोणतें द्यावें?

आतां केळापुराकडे वळूं. हा तालुका व शेजारचा झरी-जामणी यांतील कोलाम, गोंड आदि समाजांच्या मुलींस लग्नाचें आमिष दाखवून फसविल्याच्या व टाकून दिल्याच्या हकीकती वृत्तपत्रांनीं व स्त्रीहक्कांसाठीं झटणाऱ्या कार्यकर्त्यांनीं वारंवार वेशीवर टांगल्या आहेत. या कुमारी मातांच्या मुलांस पोटगीचा हक्क कायद्यानें कधींच नाकारला नाहीं: सन १८९८ च्या फौजदारी संहितेचें कलम ४८८, सन १९७३ च्या संहितेचें १२५, व आतां नागरिक सुरक्षा संहितेचें १४४, या तिहींत अनौरस अपत्याचा समावेश आहे. परंतु पितृत्व सिद्ध करण्याचें ओझें आईवरच पडतें. सन २०१५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अविवाहित मातेस, बापाचें नांव न सांगतां, मुलाची पालक होण्याची मोकळीक दिली. महाराष्ट्रांत १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवापुढें प्रथम आईचें नांव लिहिण्याचा नियम झाला.

तरी जातीच्या दाखल्यापाशीं गाडें अडतें. अनुसूचित जमातीचा दावा सिद्ध करण्यास ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मोलाचा ठरतो, व तो बहुधा बापाच्या घराण्याचा मागतात. आई आदिवासी व बाप बिगर-आदिवासी असल्यास मूल बापाच्याच जातीचें हें गृहीत अंतिम नव्हे, आईच्या समाजांत तें कसें वाढलें हेंही पाहिलें पाहिजे, असा निर्णय सन २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिला. म्हणजे आजोळचा, आईच्या बापाचा वा आज्याचा पुरावा हाच अशा मुलाचा आधार. आणि तो पुष्कळदां कोतवाल-बुकाच्या एखाद्या जीर्ण पानावरच असतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे: असें पान हातीं आल्यास तें सुटें करूं नये, विकूं नये, गांव व साल लिहून त्याची नक्कल करावी व मूळ पान दप्तरखान्याच्या स्वाधीन करावें. आपणांस जो केवळ जुना कागद वाटतो, तो केळापुरांतील एखाद्या मुलाचा शाळेचा दरवाजा असूं शकेल.