झाकावे, पुसू नये

गणपती बसल्यापासून दिवाळी सरेपर्यंतच्या दिवसांत हिंगोली शहरातून जो कोणी ज्या दिशेने बाहेर पडेल, मग तो औंढा नागनाथाच्या दर्शनास निघालेला भाविक असो, वसमतच्या मोंढ्यावर हळद घेऊन चाललेला शेतकरी असो किंवा कळमनुरीच्या कचेरीत दाखल्यासाठी खेटे घालणारा एखादा त्रस्त अर्जदार असो, त्याला रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या फलकांची सलामी घेतच पुढे जावे लागते. दीडशे वर्षांहून अधिक जुनी परंपरा असलेला येथील सार्वजनिक दसरा महोत्सव आणि रामलीला मैदानावरील त्याचे प्रदर्शन हे तर या फलकांचे सुगीचे दिवस. हात जोडलेले पुढारी, भगवे फेटे बांधलेले तरुण, पाठीमागे मंदिराचे शिखर, वर सोन्यासारखी चकाकणारी अक्षरे आणि तळाशी शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग, असा त्यांचा ठरलेला थाट असतो. सुसंस्कृत माणसाने त्याकडे पाहून नाक मुरडावे हेही ठरलेलेच आहे, आणि अभिरुचीच्या अंगाने पाहता ते मुरडणे बव्हंशी रास्तही आहे; परंतु ज्या कारागिरीच्या बळावर हा सारा देखावा एका रात्रीत उभा राहतो, तिचे मर्म जाणून घेण्याची तसदी नाक मुरडणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी घेतलेली असते.

ते मर्म थोडक्यात असे, की संगणकावर चित्र घडविणारा कुशल माणूस काहीही पुसत नाही. पुढाऱ्याच्या मागची भिंत, फेट्यामागचे झाड, नकोसा हात, चुकलेला रंग हे सर्व तो झाकून ठेवतो, आणि झाकलेले पुन्हा उघडता येईल अशी तजवीज करून मगच पुढच्या कामाला हात घालतो. नवशिका खोडरबर चालवितो. जाणता मास्क लावतो. या दोघांच्या कामातील अंतर पहिल्या दिवशी पडद्यावर दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक येऊन, ‘साहेबांचा फोटो बदला, आणि खालच्या ओळीतली दोन नावं वर घ्या,’ असे फर्मान सोडते, तेव्हा ते लख्ख दिसते.

मास्क समजून घ्यावयाचा तर आधी लेयर पाहिला पाहिजे. लेयर म्हणजे थर. डिझाइन करणाऱ्याच्या दृष्टीने फलक हे एक चित्र नसून एकावर एक ठेवलेली कित्येक पारदर्शक चित्रे असतात: सर्वांत खाली रंगाची पार्श्वभूमी, तिच्यावर नागनाथाचे देऊळ, त्याच्यावर प्रकाशाची तिरीप, मग माणसे, मग अक्षरे. कोणताही थर हलवावा, फिका करावा, क्षणभर दिसेनासा करावा. इतरांना त्याचा उपसर्ग पोहोचत नाही. ही कल्पना संगणकाने जन्माला घातली असे मानण्याचे कारण नाही. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात, जो १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे मळवलीस गेला, लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी छापताना रंगागणिक वेगळी शिळा लागे. एका शिळेवर केवळ पिवळ्याचा भाग, दुसरीवर तांबड्याचा, तिसरीवर निळ्याचा, आणि कागद त्या सर्वांखालून अचूक जागी बसून गेला तरच देवीच्या साडीचा काठ साडीवर राहणार. याच छापखान्यासाठी काम केलेले दादासाहेब फाळके पुढे चित्रपटाकडे वळले, तेव्हा एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून चमत्कार दाखविण्याची युक्ती त्यांनी हाताळली, यात मला तरी निव्वळ योगायोग दिसत नाही. थरांत विचार करण्याची सवय त्यांना शिळाछापाने आधीच लावलेली असावी.

संगणकाच्या जगात या विचाराला गणिताचे रूप आले ते १९७०च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेतील एल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमुल या दोघांनी चित्रातील प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे ठिपक्याला, तांबडा, हिरवा व निळा या तीन आकड्यांच्या जोडीला चौथा एक आकडा दिला: हा पिक्सेल किती अपारदर्शक आहे, हे सांगणारा. त्याला अल्फा म्हणतात. १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एक थर दुसऱ्यावर ठेवण्याचे नियम सूत्रबद्ध केले. वरच्या थराची अपारदर्शकता चाळीस टक्के असेल, तर दिसणाऱ्या रंगात चाळीस भाग वरचा आणि साठ भाग खालचा, इतका साधा तो हिशेब आहे. आज हिंगोलीतल्या दुकानात फलकाचा एकेक पिक्सेल याच हिशेबाने ठरतो. थॉमस नोल या विद्यार्थ्याने १९८७ साली लिहावयास घेतलेली आणि भाऊ जॉन याच्या साहाय्याने वाढविलेली फोटोशॉप ही आज्ञावली १९९० मध्ये बाजारात आली खरी, पण तीत लेयर नव्हते. ते १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. त्यापूर्वी एकदा चिकटविलेले चिकटलेच.

मास्क ही लेयरला जोडलेली करड्या छटांची एक अदृश्य तसबीर होय. तीत जेथे पांढरे तेथे थर दिसतो, जेथे काळे तेथे लपतो, आणि मधल्या छटांत त्या प्रमाणात अर्धवट दिसतो. दारात रांगोळीचा छाप ठेवून वरून पूड भुरभुरविणाऱ्या गृहिणीला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच, की छापाला एकतर छिद्र असते किंवा नसते, आणि मास्कला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. या पायऱ्यांतच सारे कौशल्य आहे. फेट्याचा तुरा घ्या. खळ घालून कडक केलेल्या त्या पंख्याच्या कडेला कापड इतके विरळ असते, की मागचे आकाश त्यातून अंधूक दिसते. नवशिका कारागीर तुऱ्याभोवती एक ठाम रेघ मारतो. तुरा पुठ्ठ्याचा दिसू लागतो, आणि कडेच्या पिक्सेलांत मूळ आकाशाचा पांढुरकेपणा मिसळलेला असल्यामुळे लाल पार्श्वभूमीवर ठेवताच माणसाभोवती पांढरी किनार उमटते. रस्त्यावरच्या निम्म्या फलकांवर ती दिसते. जाणता माणूस मास्कच्या कडेला मऊ कुंचल्याने करडी छटा देतो, आणि किनारीच्या पिक्सेलांना फेट्याचाच भगवा रंग चढवितो. हल्ली एका टिचकीसरशी पार्श्वभूमी काढून देणाऱ्या सोयी निघाल्या आहेत. चेहरा आणि खांदे त्या झकास कापतात, पण तुरा, मिशी आणि उधळलेला गुलाल यांच्यापाशी त्यांची बुद्धी अजून अडखळते.

आता अक्षरांकडे वळू. मराठी कारागिराची खरी कसोटी तेथे आहे. अक्षरांना कड देणे, सावली टाकणे, उठाव आणणे, सोन्याचा मुलामा चढविणे या करामती फोटोशॉपमध्ये १९९८च्या पाचव्या आवृत्तीपासून एकेक करून थरालाच चिकटवून ठेवता येऊ लागल्या, म्हणजे मजकूर बदलला तरी मुलामा कायम राहतो. परंतु या करामती घडविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रोमन लिपी होती, जिचे प्रत्येक अक्षर स्वतंत्र उभे असते. आपली अक्षरे शिरोरेषेने एकमेकांच्या हातात हात घालून उभी. दोन अक्षरांमधले अंतर वाढविण्याची शोभा इंग्रजी नावाला साजते. मराठी नावाला तीच दिली की शिरोरेषेचे तुकडे पडतात. कोरलड्रॉ या आज्ञावलीत, जिच्यावर मराठवाड्यातील छपाईचा मोठा भार आहे, बाह्यरेषा एकेका अक्षराला लागते. त्यामुळे जेथे दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात तेथे नावाच्या डोक्यावर आडव्या पट्टीत उभ्या चिरा दिसू लागतात. त्यावर दुकानातला इलाज असा, की मॅटर आधी कर्व्ह करावे, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृती कराव्यात, मग सगळ्या अक्षरांना वेल्ड मारावे, म्हणजे त्या आकृती एकसंध सांधाव्यात, आणि त्यानंतरच आउटलाइन द्यावी. फोटोशॉपमध्ये कड संपूर्ण थराच्या आकाराला लागते, म्हणून हा जोड दिसत नाही. पण दुसरे संकट उभे राहते. ‘हिंगोली’ हाच शब्द पाहा. पहिल्याच अक्षरावर वेलांटीची कमान आणि तिच्या कुशीत अनुस्वार. कड जाड केली की अनुस्वार वेलांटीत विरघळतो आणि लांबून ‘हिगोली’ वाचले जाते. ‘ज्योतिर्लिंग’ या शब्दात तर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच ठिकाणी दाटीवाटीने बसलेले. तेथे जाड कड म्हणजे निव्वळ डाग. म्हणून कडेची जाडी अक्षराच्या उंचीवरून न ठरविता अनुस्वार आणि वेलांटी यांच्यामधल्या फटीवरून ठरवावी. हा नियम कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही, आणि जिल्ह्यातील प्रत्येक फलकाला तो लागू आहे.

युनिकोड या सर्वमान्य संकेतात टंकलेल्या मजकुराचीही एक कैफियत आहे. जुन्या फोटोशॉपमध्ये तो ओतला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे मोडून पाय उघडे पडतात. नंतरच्या आवृत्तींत भारतीय लिप्यांची मांडणी सांभाळणारा पर्याय आला, पण तो बराच काळ पसंतीच्या खिडकीत जाऊन निवडावा लागे, आणि हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ दुकाने अजून पुण्याच्या श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांवरच निभावतात. ते दिसतात देखणे. मात्र ज्या संगणकावर तो संच नाही तेथे फाईल उघडली, की शुभेच्छुकांची नावे रोमन अक्षरांच्या अगम्य खिचडीत जातात. मग अक्षरांना कर्व्ह करून पाठविणे आले, आणि कर्व्ह केलेले नाव दुरुस्त होत नाही. शहाणा माणूस दोन नकला ठेवतो, एक छापण्याची आणि एक दुरुस्तीची.

सावलीविषयी एकच सांगतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तींत प्रकाशाचा कोन आपोआप १२० अंशांवर, म्हणजे वरच्या डाव्या बाजूस, ठेवलेला असे, आणि तो बदलण्याचे कुणाच्या मनात येत नसे. पुढाऱ्याच्या चेहऱ्यावर ऊन उजवीकडून आणि नावावर डावीकडून, असे दोन सूर्य असलेले फलक मी मोजणे सोडून दिले आहे.

हे सारे ज्ञान फलकांवरच खर्ची पडावे असा काही दंडक नाही. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि पिशवीत भरून नावानिशी विकावयाच्या या मालाला वेष्टन हवे. हळदीच्या वेष्टनाइतकी मास्कची परीक्षा क्वचितच कोणी पाहत असेल: पिवळ्या पुडीचा ढीग, त्याच्या कडेला उडालेली धूळ, मागे पुन्हा पिवळाच रंग. येथे पुडीची कड कापण्याच्या भरीस पडू नये. ढिगाचा थर ‘मल्टिप्लाय’ या रीतीने खालच्या रंगावर ठेवावा, म्हणजे दोन्ही थरांचे आकडे गुणले जाऊन छायाचित्रातील पांढरे आपोआप लोपते आणि धूळ जशीच्या तशी राहते. (हीच रीत शिक्का किंवा सही कागदावर उमटल्यासारखी दाखविते, हे कचेरीतील मंडळींनी ध्यानात ठेवलेले बरे; पडद्यावर दिसणारे शिक्कामोर्तब म्हणजे अस्सल दाखला नव्हे.) ‘हळद’ या अक्षरांच्या आत उभ्या पिकाचे छायाचित्र बसवावयाचे असल्यास ते अक्षरांवरच्या थरात ठेवून क्लिपिंग मास्क लावावा, म्हणजे छायाचित्र अक्षरांच्या हद्दीबाहेर दिसत नाही, आणि ते आतल्या आत सरकवून हवे ते पान हव्या त्या जागी आणता येते. पडद्यावरचा झगझगीत पिवळा छपाईत उतरत नाही, म्हणून पिवळ्या शाईच्या शंभर टक्क्यांत किरमिजीचे पंचवीस-तीस टक्के घालून हळदीचा उबदार रंग साधावा लागतो.

यासाठी महागडी आज्ञावलीच हवी असेही नाही. बर्कलेच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये लोकांपुढे ठेवलेली गिंप ही आज्ञावली विनामूल्य आहे, तीत लेयर आणि मास्क पूर्वीपासून आहेत, आणि २०२५च्या तिसऱ्या आवृत्तीत मूळ थर न बिघडविता त्यावर परिणाम चढविण्याची सोयही आली आहे. चोरीच्या प्रतींवर शिकणाऱ्या मुलांना तिचा परिचय करून देणे तंत्रशाळांना अशक्य नाही.

संगणकाच्या मगदुराचा प्रश्न मात्र उरतो. दहा फूट रुंद आणि सहा फूट उंच फलक इंचाला ७२ पिक्सेल या मानाने केला, तर ८६४० गुणिले ५१८४ पिक्सेल होतात. रंगाने पूर्ण भरलेला एकच थर १३ कोटी बाइटांहून अधिक जागा घेतो. असे दहा थर झाले की जुना संगणक धापा टाकू लागतो, आणि त्यातच वीज गेली तर रात्रीची मेहनत फुकट. म्हणून फुटाला एक इंच या प्रमाणात काम करण्याचा प्रघात पडला. पण इंचामागचे पिक्सेल तितक्याच पटीने वाढविले तर भार तेवढाच, आणि न वाढविले तर चेहरे पुसट, ही गोष्ट सांगूनही कित्येकांच्या गळी उतरत नाही. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने आलेले छायाचित्र आधीच आक्रसलेले असते. त्यातून सहा फुटी माणूस उभा करा, असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकापुढे कोणताही मास्क हतबल आहे.

तेव्हा यंदा फलक किंवा वेष्टन करवून घेणाऱ्या वाचकांनी इतके करावे: छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, मॅटर कागदावर खरडून न देता टंकून द्यावे, प्रूफ हाती आल्यावर अनुस्वार आणि वेलांट्या हातभर अंतरावरून नव्हे तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून वाचाव्यात, आणि पैसे चुकते करताना छापील मालाबरोबर थरांसह असलेली मूळ फाईलही मागून घ्यावी.