हौशी कारागिराचें सर्किट बोर्ड आणि सुरक्षिततेचा शिक्का

हल्लीं शाळा-कॉलेजांतील विद्यार्थी व नोकरी सांभाळून छंद जोपासणारे गृहस्थ घरच्या घरीं सर्किट बोर्ड तयार करतात. संगणकावर नकाशा काढावा, तो कारखान्याकडे पाठवावा, आणि छापून आलेल्या बोर्डावर डाख देऊन भाग बसवावे, इतकें हें काम सोपें झालें आहे. बोर्ड चालूं लागलें कीं शेजारी विचारतो, "मलाहि एक करून देतां का?" येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. जें यंत्र चालतें, तें सुरक्षितहि असतें काय?

हा प्रश्न जुना आहे. १८९३ सालीं शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत विजेची फार मोठी मांडणी होती. तिच्यापासून आगीचें भय कितपत आहे, हें तपासण्याचें काम विमेवाल्यांनीं विल्यम हेन्री मेरिल या तरुण अभियंत्यास दिलें. त्या कामांतून १८९४ सालीं अंडररायटर्स लॅबोरेटरीज ही संस्था जन्मास आली. 'यूएल' हीं तिचींच अक्षरें होत. ठराविक नमुना ठराविक कसोटीस उतरला, एवढीच ग्वाही असा शिक्का देतो.

ही ग्वाही कशाविषयीं आहे, हें न पाहिल्यानें पुष्कळांची फसगत होते. कोऱ्या बोर्डावर पुष्कळदां 'यूएल ९४ व्ही-०' असें छापलेलें असतें. त्याचा अर्थ इतकाच कीं, त्या द्रव्याचा उभा तुकडा पेटवून ज्योत दूर केली असतां तो १० सेकंदांच्या आंत विझतो, व त्यांतून जळते थेंब गळत नाहींत. पुढें त्यावर कोणते भाग बसविले, तारा कशा जोडल्या, याविषयीं तो शिक्का मुका आहे. युरोपांतील 'सीई' ही खूण तर बहुतेक विद्युत् वस्तूंवर उत्पादक स्वतःच्याच जबाबदारीवर लावतो. चाचण्यांचे पुरावे जपून ठेवणें हें त्याचें कर्तव्य असतें. सुट्या भागांवरील शिक्क्यांची बेरीज करून सबंध वस्तूचा शिक्का होत नाहीं.

कसोटी असते तरी कशाची? पहिली विजेच्या धक्क्याची. भारतांतील घरांत २३० व्होल्टची वीज येते. ती वाहणारी तांब्याची रेघ आणि माणसाचा हात लागूं शकेल अशी बाजू यांमध्यें बोर्डावर साधारण ५ ते ६ मिलिमीटर अंतर लागतें. एकच मिलिमीटर ठेवलें तरी बोर्ड पहिल्या दिवशीं उत्तम चालेल. पण कोंकणांतील पावसाळी ओल व धूळ तेथें सांचली, म्हणजे वीज त्यांतून वाट काढील. दुसरी कसोटी आगीची: एखादा भाग बिघडला असतां फ्यूज वितळून प्रवाह तुटला पाहिजे. तिसरी लहरींची: जलद स्पंदांवर चालणारें बोर्ड नकळत लहरी सोडतें व शेजाऱ्याच्या रेडिओंत खरखर उठवितें.

कायदाहि हौस आणि व्यापार यांत भेद करतो. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाच्या नियमांप्रमाणें, किटवरून न जोडलेलीं, विक्रीसाठीं नसलेलीं व स्वतःच्या उपयोगाकरितां केलेलीं जास्तींत जास्त ५ यंत्रें मंजुरीवांचून वापरतां येतात. मात्र त्यांचा इतरांस उपद्रव होऊं देतां येत नाहीं. भारतांत २०१२ च्या आदेशानें अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंची नोंदणी सक्तीची झाली, व पुढें त्यांत अडॅप्टरहि आले. अशा अडॅप्टरवर 'आर' या अक्षरानें सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर तो पडताळतां येतो.

हौशी कारागिराचा शहाणा मार्ग यांतूनच निघतो. २३० व्होल्टची वीज बोर्डावर आणूंच नये. पडताळलेला ५ किंवा १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्यावा, म्हणजे धक्क्याचा मोठा धोका त्या तपासलेल्या डबींतच अडतो. बोर्डावर फ्यूज मात्र अवश्य ठेवावा; कारण कमी व्होल्टची वीजहि भाग तापवून आग लावूं शकते. वस्तु विकावयाची असेल, तर त्या जातीच्या वस्तूस कोणता नियम लागू आहे तें आधीं पाहावें, आणि सबंध वस्तूची तपासणी प्रयोगशाळेंत करून घ्यावी. तिला खर्च येतो, वेळहि लागतो.

परंतु करणारास आपल्या यंत्राची खोड ठाऊक असते. कोठें हात लावूं नये, हें तो जाणतो. शेजाऱ्याच्या घरांतील लहान मुलास तें ठाऊक नसतें. शिक्क्यामागील सारा खटाटोप त्या मुलासाठीं आहे.