६१७४ चा खेळ

देवळाली म्हटले की आपल्याला तोफखाना आठवतो. तिथेच द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) शाळेत शिकवत. कोणतेही चार अंक घ्या, फक्त सगळे सारखे नकोत. ते उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येते, हे त्यांनी १९४९ मध्ये शोधले. आपल्या भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९ ची, तेच साल घेऊ: ९९५१ − १५९९ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. दोनच पायऱ्या!

आम्हा चौघांचा कॉम्प्युटर प्रोजेक्ट यावरच आहे. स्क्रीनवर संख्या येते, खेळणाऱ्याने पायऱ्या ओळखायच्या. एकाकडे स्क्रीन, एकाकडे हिशोब, एकाकडे गुण, एकाकडे तपासणी. पायथनमध्ये हिशोब थोड्याच ओळींचा आहे, पण शून्य जपावे लागते. २१११ − १११२ = ९९९. हे ०९९९ असे धरले नाही, तर पुढे ९९९ − ९९९ = ० आणि खेळ खलास. म्हणून संख्या स्ट्रिंग म्हणून ठेवतो.

खरे भांडण गुणांवरून झाले. तपासणीवाल्याने ०००१ ते ९९९८ मधल्या चालणाऱ्या सर्व ९,९९० संख्या प्रोग्रामला दिल्या. ३ पायऱ्यांच्या २,४०० निघाल्या, ७ च्या २,१८४ आणि १ पायरीच्या फक्त ३८३. म्हणजे डोळे मिटून "तीन" म्हणणारा साधारण चारात एकदा बरोबर! मग डोके कोण चालवणार? शेवटी ठरले, जे उत्तर दुर्मिळ त्याला गुण जास्त: "तीन" बरोबर आले तर १ गुण, "एक" बरोबर आले तर ६.