लढाई आणि नकाशा
(नभोवाणीवरून केलेले भाषण)



माझे आयुष्य शाळेत इतिहास-भूगोल शिकविण्यात गेले. वर्गात मी एक प्रश्न हमखास विचारीत असे: सैन्याला सर्वांत आधी काय हवे? कोणी म्हणे तोफा, कोणी म्हणे घोडी, आणि एखादा चतुर विद्यार्थी म्हणे पैसा. ‘नकाशा’ हे उत्तर मात्र क्वचितच येई. तेच उत्तर आज आपणांपुढे मांडावयाचे आहे, आणि त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मी राहतो त्या सावेडीपासून नगरचा भुईकोट किल्ला फार लांब नाही. तेथूनच आरंभ करू.

१७९५ साली सवाई माधवराव पेशवे वारले आणि मराठी राज्यात घरचाच कलह पेटला. नाना फडणविसांना कैद करून ह्याच किल्ल्यात ठेवण्यात आले. शिंदे व होळकर एकमेकांवर उठले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे व पेशवे यांच्या फौजेचा मोड केला. दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी वसईस इंग्रजांशी तह केला. घरच्या भांडणात तिऱ्हाईत आत आला तो असा.

पुढील वर्षी, ८ ऑगस्ट १८०३ रोजी, आर्थर वेल्स्ली नगरवर चालून आला. शहराच्या तटास शिड्या लावून त्याचे शिपाई वर चढले, तो पाय ठेवण्यास जागाच नाही! भिंत उंच होती, पण आतल्या अंगास उभे राहण्यासाठी फांजी नव्हती. वर पोहोचलेली माणसे तेथेच अडकली व पुष्कळ पडली. अखेर एका बुरुजावरून काही शिपाई आत शिरले, शहर पडले व १२ ऑगस्टला किल्लाही हाती आला. परंतु भिंतीचे बाहेरचे रूप दिसते म्हणून आतले कळते असे नाही, हा धडा वेल्स्लीला रक्त देऊन शिकावा लागला.

ह्याहून मोठा धडा पुढील महिन्यात मिळावयाचा होता. शिंदे व नागपूरकर भोसले यांची फौज भोकरदनास आहे अशी बातमी हरकाऱ्यांनी आणली. वेल्स्ली व स्टीव्हन्सन यांनी बदनापुरास भेटून ठरविले की, दोघांनी निरनिराळ्या वाटांनी जावे आणि २४ सप्टेंबरला एकदम हल्ला करावा. पण भोकरदन हे जसे गावाचे नाव, तसेच परगण्याचेही! हरकाऱ्यांनी परगणा सांगितला, साहेबाने गाव धरले. २३ तारखेस मुक्कामावर पोहोचताच कळले की, शत्रू अवघ्या काही मैलांवर असईच्या बाजूस पसरला आहे, आणि स्टीव्हन्सन तर दूर आहे. त्याने एकट्यानेच लढण्याचे ठरविले.

आड केळणा नदी होती. वाटाडे सांगत, येथे उतार नाही. वेल्स्लीने पाहिले की, नदीच्या एका तीरावर पिंपळगाव व समोरच्या तीरावर वरूड, अशी दोन गावे समोरासमोर वसली आहेत. त्याने मनाशी म्हटले, इतकी जवळची गावे येण्याजाण्याच्या वाटेवाचून राहतील कशी? शोध केला, तो उतार सापडला. असईची लढाई तो जिंकला, पण त्याची पंधराशेहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली.

आता प्रश्न असा की, इंग्रजांपाशी तर नकाशे होते. जेम्स रेनेलचा हिंदुस्थानचा नकाशा १७८२ सालीच छापून निघाला होता. मग ही चूक का व्हावी? उत्तर नकाशा करण्याच्या रीतीत आहे. फौज चालू लागली की, मोजणीदार एक चाक ढकलीत बरोबर चाले. चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर कळे. वाट वळली की होकायंत्राने दिशा टिपावयाची, डाव्या-उजव्या हातास दिसणारी गावे वहीत लिहावयाची, आणि मुक्कामावर ते सर्व कागदावर काढावयाचे. अशा नकाशात वाट खरी असते, पण वाटेच्या दोहों बाजूंचा मुलूख ऐकीव असतो. तो नकाशा म्हणजे एक दोरा. असे अनेक दोरे एकमेकांस छेदून वस्त्र विणले जाते, तेव्हाच परगण्याचा पुरा नकाशा होतो. १८०३ साली दख्खनचे वस्त्र विणून झाले नव्हते.

आमच्याकडे काय होते? नकाशे होते. मोडी अक्षरांत नावे लिहिलेले, किल्ले व झाडे समोरून पाहावी तशी चितारलेले. सदानंद नावाच्या ब्राह्मणाने केलेला गुजरातचा नकाशा चार्ल्स मॅलेटने मिळविला, व रेनेलने त्याचा उपयोग करून कर्त्याचे कौतुकही केले. पण त्या नकाशांत प्रमाण बहुधा नसे. गावोगावचा वसूल दफ्तरात बारकाईने लिहिलेला असे. तीच गावे प्रमाणशीर मोजून कागदावर मांडण्याची वहिवाट मात्र पडली नाही. मुलूख माहीत होता, पण तो वाटाड्याच्या डोक्यात. आणि वाटाडा कोणाचीही चाकरी करू शकतो.

परदेशातील एक गोष्ट सांगतो. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. दक्षिणेकडील सेनापती जॅक्सन याने मार्च १८६२ मध्ये जेडेडाया हॉचकिस नामक गृहस्थास शेनान्डोआ खोऱ्याचा नकाशा करण्यास सांगितले. हा हॉचकिस पेशाने शाळामास्तर! त्याचा तो नकाशा सुमारे आठ फूट लांब असून आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे. त्याच युद्धात व्हर्जिनियाच्या एकेका जिल्ह्याचे नकाशे करवून रिचमंड येथे छायाचित्राने त्यांच्या प्रती काढल्या जात. १८६५ साली ते शहर पडताना पुष्कळ नकाशे नष्ट झाले. ज्यांच्या प्रती अन्यत्र होत्या ते वाचले.

आपल्याकडे हे काम लढाई संपल्यावर झाले, आणि तेही सारावसुलीसाठी. १८३५ साली इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, व चाळीस गुंठ्यांचा एकर. ह्या साखळीने शेत न् शेत मोजले गेले आणि गावचा नकाशा तयार झाला. शेतांच्या हद्दी, ओढे, वाटा, गावठाण, सारे त्यात आहे.

हा नकाशा आजही भूमी अभिलेख कचेरीत मिळतो, पण बांधाचा तंटा निघेपर्यंत कोणी तो पाहत नाही. शहरालगतच्या कित्येक गावांत ओढ्यांवर घरे उभी राहिली आहेत. पावसाळ्यात पाणी उंबऱ्याशी येते तेव्हा लोक आश्चर्य करतात. नकाशाला मात्र त्याचे आश्चर्य नसते.

म्हणून माझी विनंती इतकीच. आपल्या गावचा नकाशा एकदा आणवा, मुलांपुढे पसरा आणि त्यांना तो हातात देऊन शिवारात फिरवा. घरी जुना मोडी कागद असल्यास रद्दीत न घालता जाणत्यास दाखवा व त्याची एक प्रत करून अन्यत्र ठेवा. केळणेचा उतार तेथील गावकऱ्यांना ठाऊक होताच. तो कागदावर नव्हता, म्हणून परक्याने तो आपल्या बुद्धीने हुडकला. आपली भूमी आपणच वाचावयास शिकलो नाही, तर ती दुसरा कोणी तरी वाचतो.