गोड लघवीचा हिशेब

सकाळी ७. प्राणिगृहातले दिवे टायमरवर लागतात. टोपी, मास्क, हातमोजे चढवून मी आत जाते तेव्हा प्राणिगृह सांभाळणारे मामा रॅकपाशी उभे असतात. "काल संध्याकाळीच खाद्य काढलंय मॅडम, पाणी ठेवलंय." रात्रभर उपाशी असलेले रॅट एकेक करून वजनकाट्यावर. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे इथली चूक दिवसभर पाठ सोडत नाही.

८. खलबत्ता. आजच्या कंपाऊंडला अजून नाव मिळालेलं नाही, नुसता कोड नंबर आहे. घराणं मात्र ग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधांचं. म्हणजे स्वादुपिंडाच्या वाटेला न जाता थेट मूत्रपिंडात काम करणारं. तुलनेसाठी शेजारी डापाग्लिफ्लोझिन, किलोला १ मिलिग्रॅम. सीएमसी या दाटपणा आणणाऱ्या पदार्थाच्या द्रावणात थोडं थोडं घालत घोटत राहायचं. घाई केली की गुठळ्या होतात, मग एका रॅटला डोस जास्त जातो, दुसऱ्याला कमी. आणि तो फरक पुढे आलेखात 'प्राण्यागणिक फरक' म्हणून उजळ माथ्याने मिरवतो.

९. तोंडावाटे डोस देणं. टोकाला गोळी असलेली वाकडी सुई, मानेमागची सैल कातडी घट्ट पकडून. मामांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, त्यांच्या हातात रॅट चीची करत नाही.

दोन गट वेगळे ठेवतो. एक रक्तासाठी, एक लघवीसाठी. शेपटीला हात लावला की घाबरलेला रॅट तिथेच लघवी करतो, आणि ती गेली ती गेली.

९.३० ते १२. रक्ताचा गट. ग्लुकोज पाजायचं, किलोला २ ग्रॅम. मग १५, ३०, ६०, १२० मिनिटांना शेपटीच्या टोकातून एक थेंब, ग्लुकोमीटरची पट्टी, आकडा. प्रत्येक रॅटचं घड्याळ एकेका मिनिटाने पुढे सरकवलेलं असतं, म्हणून या दोन-अडीच तासांत मोबाईल बाहेरच्या लॉकरमध्ये. औषध न दिलेल्यांची साखर चढते नि उतरते; औषधवाल्यांची फारशी चढतच नाही.

कारण साधं आहे. माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यासोबत साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं आणि निरोगी माणसात जवळजवळ सगळं परत रक्तात घेतलं जातं. त्यातलं सुमारे ९० टक्के परत आणतं एसजीएलटी२ नावाचं वाहक प्रथिन. ग्लिफ्लोझिन त्याला अडवतं. साखर लघवीवाटे बाहेर पडते, इन्सुलिनची मदत न घेता. रक्तातली साखर कमी झाली की गाळली जाणारीही कमी होते, म्हणून नुसत्या या औषधाने साखर धोकादायक खाली जाणं विरळा.

१. डबा. कँटीनच्या मावशींच्या यजमानांना ग्लिफ्लोझिनचीच गोळी चालू झालीय. "मॅडम, रिपोर्टात लघवीत साखर तीन प्लस आली. वाढला ना रोग?" नाही मावशी, औषध काम करतंय. पण त्यांचं काय चुकलं? पिढ्यान् पिढ्या लघवीतली साखर म्हणजे रोग हेच आपण शिकलो.

गंमत म्हणजे ग्लिफ्लोझिनचा शोध सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून आला. १८३५ साली तिथून फ्लोरिझिन वेगळं काढलं गेलं. १८८६ साली फॉन मेरिंग यांनी दाखवलं की ते दिल्याने लघवीत साखर येते. पण पोटातून दिलं की आतड्यात त्याचे तुकडे पडतात, शिवाय ते आतड्यातल्या एसजीएलटी१लाही अडवतं, म्हणजे जुलाब. आतड्यात न तुटणारा आणि निवडून एसजीएलटी२लाच अडवणारा रेणू बनवायला मग शंभराहून जास्त वर्षं गेली. आपला देशही या कथेत आहे: रेमोग्लिफ्लोझिन हे औषध जगात पहिल्यांदा बाजारात आलं ते २०१९ मध्ये भारतात.

३. लघवीचा गट. मेटाबॉलिक केज. जाळीचा तळ, खाली नरसाळं, लेंड्या एकीकडे, लघवी दुसरीकडे. नळ्या बर्फात, कारण उबेत जंतू त्या साखरेवर ताव मारतात. नियंत्रण गटाच्या नळ्यांत तळाशी थोडीशी पिवळी लघवी. औषधवाल्यांच्या नळ्या अर्ध्याच्या वर, पाण्यासारख्या फिक्या.

नवीन मुलं इथेच फसतात. लघवीतल्या साखरेची तीव्रता मोजतात आणि तीच लिहून मोकळी होतात. अरे, औषधाने लघवीच वाढलीय! तीव्रता गुणिले आकारमान, म्हणजे एकूण किती मिलिग्रॅम साखर बाहेर पडली, तोच खरा आकडा. सांडलेला एक मिलिलिटर म्हणूनच मला परवडत नाही.

४. मोजणी हेक्झोकायनेज पद्धतीने. नेहमीचा गुलाबी रंगाचा किट स्वस्त पडतो, पण रॅट स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व बनवतो, ते लघवीत उतरतं आणि त्या किटचा रंग खातं. आकडा खोटा, कमी येतो. नमुना आधी पातळ करायचा, नाहीतर यंत्राची मर्यादा ओलांडते.

६. वही. शाईच्या पेनने. खोडायचं तर एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख.

७. दिवे विझतात. रॅट निशाचर; आता ते खाणार, पिणार आणि दिवसापेक्षा जास्त मुतणार. म्हणून २४ तास पुरे झाल्याशिवाय आजच्या आकड्यांवर मी कुणाला काही सांगत नाही.

तुमच्या घरात कुणाला ग्लिफ्लोझिनची गोळी चालू असेल तर एवढं करा: लघवीतली साखर पाहून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि शस्त्रक्रिया ठरली, उलट्या लागल्या किंवा कडक उपास करायचा असेल, तर डॉक्टरांना आधी विचारा. अशा वेळी रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन साचून जिवावर बेतू शकतं, आणि नुसतं ग्लुकोमीटर ते दाखवत नाही.