विश्लेषण : ‘बाकी सगळे माझ्याकडे पाठवा’... नेटवर्कमधील डिफॉल्ट रूट फसतो कसा?

राउटरचे दिवे हिरवे, केबल जागेवर, मुख्यालयातला सर्व्हरही उघडतो आहे; पण बाहेरची एकही वेबसाइट लागत नाही. अनेक शाखा असलेल्या बँका, विद्यापीठे किंवा कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये असा बिघाड होतो, तेव्हा इंटरनेट पुरवठादाराला फोन करून बरेचदा काहीच हाती लागत नाही. दोष घरातलाच असतो. ‘ज्याचा पत्ता माहीत नाही, ते सगळे माझ्याकडे पाठवा’ असे सांगणारा डिफॉल्ट रूट कोणी जाहीरच केलेला नसतो. किंवा ज्याने तो जाहीर केला, त्याच्याकडेच पुढची वाट नसते.

डिफॉल्ट रूट म्हणजे काय?

मोबाइल किंवा संगणकातून निघालेला डेटा छोट्या पॅकेटांमध्ये विभागला जातो आणि प्रत्येक पॅकेटवर पोहोचण्याचा पत्ता असतो. राउटर तो पत्ता आपल्या तक्त्यात शोधतो आणि सर्वांत नेमकी जुळणारी नोंद निवडतो. ‘०.०.०.०/०’ ही नोंद कोणत्याही पत्त्याला जुळते. पण ती सर्वांत ढोबळ असल्याने तिचा नंबर शेवटी लागतो. हाच डिफॉल्ट रूट. गावातल्या टपाल कार्यालयाला देशभरातले पिन कोड पाठ असावे लागत नाहीत. बाहेरगावचे टपाल वरच्या कार्यालयाकडे दिले की झाले. इंटरनेटच्या जागतिक तक्त्यात आज ९ लाखांहून अधिक नोंदी आहेत. शाखेतल्या छोट्या राउटरला त्या पेलणार नाहीत आणि त्याला त्यांची गरजही नाही.

ओएसपीएफमध्ये ‘एरिया’ कशाला?

संस्थेच्या आतल्या वाटा राउटरांनी एकमेकांना कळवण्यासाठी ‘ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट’ म्हणजेच ओएसपीएफ ही पद्धत जगभर वापरली जाते. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचा, आजही आधार मानला जाणारा मानक दस्तऐवज जॉन मॉय यांनी लिहिला. तो एप्रिल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. यात प्रत्येक राउटर आपल्या जोडण्यांची सूचना इतरांना पाठवतो. या सूचनांना ‘एलएसए’ म्हणतात. त्यातून सगळ्यांकडे सारखाच नकाशा तयार होतो आणि डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या रीतीने प्रत्येक जण सर्वांत कमी खर्चाची वाट काढतो.

नकाशा फार मोठा झाला, की कुठल्या तरी कोपऱ्यातली एक लिंक चालू-बंद झाल्यावरही सगळ्या राउटरांना पुन्हा आकडेमोड करावी लागते. म्हणून नेटवर्कचे भाग पाडतात, तेच एरिया. मधला कणा म्हणजे ‘एरिया ०’. त्याला इतर एरिया जोडणारा सीमेवरचा राउटर म्हणजे एबीआर, तर बाहेरच्या जगातल्या वाटा आत आणणारा राउटर म्हणजे एएसबीआर. बाहेरच्या वाटा ‘टाइप ५’ सूचनांतून पसरतात, दुसऱ्या एरियातल्या वाटा ‘टाइप ३’मधून.

स्टब एरियात डिफॉल्ट रूट कोण देतो?

ज्या एरियातून बाहेर पडण्याचा मार्ग एबीआरवरूनच जातो, त्याला बाहेरच्या हजारो नोंदी देऊन उपयोग काय? असा एरिया ‘स्टब’ ठरवला, की टाइप ५ सूचना सीमेवरच थांबतात. त्यांच्या बदल्यात एबीआर टाइप ३ मधून एकच डिफॉल्ट रूट आत सोडतो. ‘टोटली स्टबी’ प्रकारात इतर एरियांच्या नोंदीही अडवल्या जातात आणि उरतो फक्त डिफॉल्ट. एरिया स्टब असल्याचे त्यातल्या प्रत्येक राउटरवर नमूद करावे लागते. एकावर जरी राहिले, तरी त्याच्याशी शेजाऱ्यांचे जुळतच नाही.

इथे पहिली मेख आहे. सिस्कोच्या राउटरवर स्टब एरियाचा एबीआर डिफॉल्ट रूट आपणहून देतो, त्याचा खर्च १ धरला जातो. जुनिपरच्या राउटरवर मात्र त्याचे मूल्य वेगळे लिहून दिल्याशिवाय तो दिला जात नाही. मानक एक, सवयी दोन. एका कंपनीची उपकरणे काढून दुसऱ्या कंपनीची बसवली, जुनी मांडणी ओळीला ओळ उतरवली आणि अख्खी शाखा बाहेरच्या जगापासून तुटली, असे होऊ शकते ते यामुळेच.

एनएसएसएचे वेगळेपण काय?

स्टब एरियात एएसबीआर ठेवता येत नाही. पण एखाद्या शाखेला भागीदार कंपनीचे नेटवर्क थेट जोडायचे असेल तर? त्यासाठी ‘नॉट सो स्टबी एरिया’ म्हणजे एनएसएसए हा प्रकार १९९४ मध्ये मांडला गेला. त्याचा सुधारित दस्तऐवज २००३ मध्ये आला. नाव गमतीचे असले तरी काम गंभीर आहे. इथे बाहेरच्या वाटा ‘टाइप ७’ सूचनांतून येतात आणि एबीआर त्यांचे टाइप ५ मध्ये रूपांतर करून पुढे धाडतो.

सिस्कोच्या पद्धतीत एनएसएसएचा एबीआर स्वतःहून डिफॉल्ट रूट देत नाही, तो मागावा लागतो. मागितला की टाइप ७ मधून येतो. मात्र त्याच एरियाला ‘टोटली’ केले, की डिफॉल्ट आपोआप येतो आणि तोही टाइप ३ मधून. हा फरक निव्वळ कागदोपत्री नाही. ओएसपीएफ आतल्या वाटेला बाहेरच्या वाटेपेक्षा नेहमी झुकते माप देते, त्यामुळे टाइप ३ चा डिफॉल्ट टाइप ७ च्या डिफॉल्टवर मात करतो. समजा, शाखेने स्वतःची इंटरनेट लाइन घेतली आहे आणि तिच्या राउटरने टाइप ७ चा डिफॉल्ट दिला आहे. एरिया ‘टोटली’ करताच शाखेतल्या इतर राउटरांचा बाहेरचा सगळा ओघ ती लाइन सोडून मुख्यालयाकडे वळेल. संस्थेची अंतर्गत वाहतूक शाखेच्या लाइनवरून परस्पर बाहेर जाऊ नये, यासाठी मानकातच ही तजवीज आहे. शाखेच्या तंत्रज्ञाला मात्र हे ठाऊक असायला हवे.

जाहीर केलेला रूट खरा असतो का?

सर्वांत मोठा धोका इथे आहे. सीमेवरचा एबीआर स्टब एरियाला डिफॉल्ट रूट देतो, तेव्हा स्वतःकडे पुढची वाट आहे की नाही हे तपासत नाही. ‘माझ्याकडे द्या’ एवढेच तो म्हणतो. सिस्कोच्या व्याख्येनुसार एरिया ० मधला एक इंटरफेस सुरू असला, तरी राउटर स्वतःला एबीआर मानतो. अनेक जण त्या एरियात ‘लूपबॅक’ हा आभासी इंटरफेस ठेवतात आणि तो केबल तुटल्याने बंद पडत नाही. म्हणजे कण्याकडे जाणाऱ्या साऱ्या लिंक तुटल्या, तरी हा राउटर डिफॉल्ट रूट वाटतच राहतो. शेजारी दुसरा धडधाकट एबीआर असला तरी त्याची मदत तो घेत नाही, कारण एबीआरने टाइप ३ सूचना फक्त एरिया ० मधूनच स्वीकाराव्यात असा नियम आहे. पॅकेट येतात आणि तिथेच टाकून दिली जातात. दोन्ही एबीआर समान खर्चाचे असतील तर काही साइट उघडतात, काही नाही. पूर्ण बंद पडलेल्या नेटवर्कपेक्षा असे अर्धे बंद नेटवर्क शोधायला जास्त वेळ खाते.

मग अट घालणे हाच उपाय का?

साध्या एरियात एएसबीआरला अट असते : स्वतःच्या तक्त्यात डिफॉल्ट रूट असेल तरच तो पुढे जाहीर करायचा. ‘ऑलवेज’ हा शब्द जोडला की ही अट उठते. सोयीसाठी तो सर्रास जोडला जातो, ही सवय वाईटच. पण अटही बेतानेच घालावी लागते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचा अंतर्गत कणा देखभालीदरम्यान तुटला. डेटा सेंटरशी संपर्क नसेल तर आपला रूट मागे घ्यायचा, अशी शिस्त त्यांच्या डीएनएस सर्व्हरना लावलेली होती. सगळ्यांनी एकाच वेळी ती पाळली आणि फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सुमारे ६ तास दिसेनासे झाले. तिथे वापरात होती बीजीपी ही वेगळी पद्धत, पेच मात्र याच जातीचा.

स्टब एरियात धोका कमी करायचा तर दोन्ही एबीआर एरिया ० मधूनच एकमेकांना थेट लिंकने जोडावेत, म्हणजे एकाची मुख्य लिंक तुटली तरी वाहतूक दुसऱ्याकडे सरकते. दोघांचे खर्च वेगवेगळे ठेवले तर कोणती वाट वापरात आहे हे आधीच माहीत असते. बिघाड शोधताना एबीआरवर नव्हे, आतल्या राउटरवर तक्ता पाहावा. सिस्कोच्या तक्त्यात डिफॉल्टच्या नोंदीपुढे ‘आयए’ असेल तर तो एबीआरने टाइप ३ मधून दिलेला, ‘एन१’ किंवा ‘एन२’ असेल तर टाइप ७ चा, ‘ई१’ किंवा ‘ई२’ असेल तर टाइप ५ चा. त्यानंतर, ज्याने तो दिला त्या राउटरवर जाऊन त्याचा स्वतःचा डिफॉल्ट कुठे जातो, ते पाहायचे.